अर्थिंग

“पुरे करा आता! शेजारच्यांची भिंत हलतेय,” मुहय्यो स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली.

“हलू दे. भिंत पुन्हा बांधता येईल,” तोलिब म्हणाला आणि त्याने घण परत उचलला.

अंगणाच्या कडेला, जर्दाळूच्या झाडापलीकडे, तो लोखंडी अँगल जमिनीत ठोकत होता. असे तीन अँगल त्रिकोणात ठोकायचे, पट्टीने एकमेकांना जोडायचे आणि तिथून जाड तार भिंतीवरच्या पेटीपर्यंत न्यायची. अर्थिंग पक्कं असल्याशिवाय विजेवरची गाडी दारात उभी करायची नाही, असं त्याने फोनवरून मुलीला ठणकावून सांगितलं होतं. घामाने त्याची टोपी भिजली होती. साठी उलटलेला माणूस, पण घाव कसा नेमका पडत होता.

मुहय्यो तेच बघत उभी होती. जड कामात त्याचे हात कापत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. चमचा धरताना कापतात. शर्टाचं बटण लावताना कापतात. कुलपात किल्ली घालताना तर एवढे कापतात, की तो दारापाशी आला की ती आतूनच काहीतरी निमित्त काढून दार उघडते.

तोलिब उभा जन्म मर्गिलान शहराच्या वीज खात्यात लाइनमन होता. महल्ल्यात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे, उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत. हात कापायला लागल्यावर डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जिवाला धोका नाही, पण हे कमी व्हायचं नाही. त्याने नोकरी सोडली आणि कारण विचारणाऱ्याला गुडघा दाखवला. गुडघा दुखतो म्हणाला. पुढे गुडघ्याला फडकं बांधून तो चहाखान्यात जाऊ लागला, मग तेही बंद केलं, कारण चहाखान्यात चहा प्यावा लागतो.

पाहुण्याला पियाला अर्धाच भरून द्यायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो, अशी आमच्याकडची रीत. घरच्या माणसाला एवढा मान कुणी देत नाही. पण मुहय्यो हल्ली नवऱ्याला पाहुण्यासारखा चहा देत होती, आणि तोही काही न बोलता घेत होता.

गाडीचं असं झालं. मागच्या पानगळीत तोलिब तिला घ्यायला दवाखान्यात येत असताना एका गल्लीतून बाबागाडी ढकलत एक बाई अचानक समोर आली. त्याने वेळेवर ब्रेक मारला. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. बाई दोन शिव्या देऊन निघून गेली. तो मात्र तिथेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला, आणि मुहय्यो वाट बघून शेवटी पायी घरी आली. घरी आल्यावर त्याने किल्ल्या फ्रिजवर ठेवल्या. “विकून टाकू,” एवढंच म्हणाला, आणि गाडी विकलीही.

मुहय्यो दवाखान्याची फिरती नर्स. कुणाला इंजेक्शन, कुणाचं ड्रेसिंग, कुठे बाळंतिणीला बघून यायचं. हिवाळाभर ती चिखल तुडवत, मिनीबसला लोंबकळत फिरली. वसंतात एक दिवस तिने जाहीर केलं, “मी गाडी शिकतेय.” तोलिब हसला. परीक्षेत ती दोनदा नापास झाली तेव्हाही हसला. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा त्याने बाजारातून सर्वांत मोठं कलिंगड आणलं. ताश्कंदला असलेल्या मुलीने, नोदिराने, आईसाठी छोटी विजेवरची गाडी बुक केली. “गॅसच्या रांगेत तुला कोण उभं करणार, आई? रात्री प्लग लावायचा, सकाळी निघायचं.”

शोरूमवाल्यांनी चार्जर बसवायला माणूस पाठवतो म्हटलं, तर तोलिब फोनवरच उखडला. “माझ्या घरात माझ्या लाइनला परका हात लावणार? खोकं पाठवा नुसतं.”

खोकं आलं. अर्थिंग झालं. भिंतीवर पाइप चढला, जाड केबल त्यातून ओवून झाली, मीटरपासून पेटीपर्यंत सगळं ओळंब्यात. मग काम थांबलं. राहिलं होतं ते फक्त पेटीच्या आतलं. तारांची टोकं सोलायची, एकेक तार आपापल्या घरात सरकवायची आणि बारीक स्क्रू घट्ट पिळायचे. एका दुपारचं काम.

पहिल्या दिवशी तोलिब म्हणाला, हवेत ओल आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाला, बाजारात मिळालेले स्क्रू भिकार आहेत. त्यानंतर शेजारच्या लग्नाचा पुलाव आडवा आला. चार्जर खोक्यातच राहिला आणि मांजर त्या खोक्यावर झोपू लागली.

मग शोरूममधून फोन आला. गाडी येत्या आठवड्यात पोचतेय, घरची लाइन तयार आहे ना?

“तयार आहे,” मुहय्यो फोनवर म्हणाली. फोन ठेवून ती नवऱ्याकडे वळली. तो बाजेवर बसून गुडघ्याचं फडकं सोडत होता. “अहो नोदिराचे बाबा, एर्किनला बोलवू का? तुमच्याच हाताखाली शिकलाय. तुम्ही शेजारी उभं राहून सांगा, तो करेल.”

“कशाला?”

“पटकन होईल म्हणून.”

“पटकन म्हणजे? मी काय मेलोय?”

“असं कोण म्हणालं?”

“तूच म्हणतेस! एर्किनला बोलवू म्हणजे काय? उद्या सगळ्या खात्यात होईल, तोलिबउस्ताच्या घरात लाइन ओढायला माणूस मागवावा लागला. त्यापेक्षा तू मिनीबसनेच फीर!”

“फिरेन,” मुहय्यो म्हणाली. “गेला हिवाळाभर फिरलेच की.”

ती आत गेली आणि भांडी जरा जोरातच आपटू लागली.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून परतली तेव्हा चार्जर भिंतीवर लागलेला होता. पेटीचं झाकण बंद होतं. तोलिब खाली विटेवर बसला होता. चेहरा पांढराफटक, शर्ट पाठीला चिकटलेला. आसपास तारांचे इतके तुकडे पडले होते, की जणू कुणी दहा घरांची लाइन ओढली असावी.

“झालं,” तो म्हणाला.

“वा!” मुहय्यो म्हणाली. तुकड्यांकडे न बघता म्हणाली. “आता?”

“आता भार टाकून बघायचं. गाडी येईपर्यंत हीटर लावू. दोन्ही आण.”

तिने माळ्यावरून हीटर काढले. ऐन उन्हाळ्यात अंगणात दोन हीटर लाल होऊन तापत बसले आणि नवराबायको त्यांच्यासमोर बसून टरबूज खात राहिली. तोलिब खुशीत होता. विजेच्या खांबावरून दिसणाऱ्या बायाबापड्यांच्या भांडणांचे जुने किस्से त्याने सांगितले. मुहय्यो शंभरदा ऐकलेल्या किस्स्यांना हसली.

वास आधी त्यालाच आला. सांगता सांगता तो मध्येच थांबला, नाक वर केलं आणि उठून धावला. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस धावला. त्याने मेन बंद केला. झाकण उघडलं तेव्हा आतल्या एका तारेचं टोक काळं पडलं होतं, भोवतीचं प्लॅस्टिक मऊ होऊन ओघळलं होतं. स्क्रू सैल राहिला होता.

मुहय्योला वाटलं, तो आता चिडेल, स्क्रूला शिव्या देईल, वायरवाल्याला देईल. त्याने काहीच केलं नाही. झाकण हळूच मिटलं, जसं एखाद्याच्या तोंडावर चादर ओढावी, आणि तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. जेवला नाही.

सकाळी ती त्याच्यासाठी नान आणि साय घेऊन गेली तर तो उठून बसलेला.

“एर्किनला बोलव,” तो म्हणाला.

मुहय्योने ताट खाली ठेवलं. आदल्या दिवशीपर्यंत तिला हेच हवं होतं. पण तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता. दवाखान्यात म्हातारे लोक असे बोलतात. बोलव, कर, ने, काय करायचं ते कर.

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा. मी करते.”

“काय करतेस?”

“तारा घालते. हात माझे, बाकी सगळं तुमचं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “वेड लागलंय का तुला? ते काम आहे का बायकांचं?”

“तुमच्या काकांच्या हातात नस सापडत नव्हती तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले होते. कुणी शोधली? तेव्हा नाही विचारलंत, बायकांचं काम आहे का.”

“नस वेगळी.”

“मग दाखवा ना, काय वेगळं आहे ते.”

त्याने मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, पुन्हा केली, मग तिसऱ्यांदा. “हे आधी,” तो म्हणाला. “कुणी कितीही सांगितलं ना, लाइन बंद आहे, तरी स्वतः बघायचं. माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही.”

“तुमच्यावर तर अजिबातच नाही,” ती म्हणाली.

गुरू म्हणून तो वाईट होता. तिने पहिलं टोक सोललं तर म्हणाला, तांब्याला ओरखडा पडला, काप. दुसरं सोललं तर म्हणाला, लांब झालं. तिसऱ्याला म्हणाला, “सोलतेस की बटाटे चिरतेस?”

“दवाखान्यात नवीन पोरींना मी असं बोलले असते, तर एक टिकली नसती.”

“माझ्याकडेही कोण टिकलं? एर्किन एकटा. बाकी पळाले.” आणि मग, थोड्या वेळाने, “पक्कड अशी धर. मनगट सैल. अंगठ्यावर जोर नको.” तिला दाखवायला त्याने हात पुढे केला. पक्कड हवेत लटलटू लागली. त्याने हात मागे घेतला. मुहय्योने पेटीत डोकं घातलं होतं, ते तसंच ठेवलं.

उन्हं जर्दाळूवरून उतरली तेव्हा शेवटचा स्क्रू राहिला होता.

“अजून पीळ. अजून. आता थांब. तार ओढून बघ. निघते?”

“नाही निघत.”

“जोरात ओढ, माहेरची माणसं समजून सांभाळू नकोस.”

ती हसली आणि तिने जोरात ओढली. तार जागची हलली नाही. त्या संध्याकाळी हीटर पुन्हा तापले. तोलिब पेटीला हाताचा पंजा लावून उभा राहिला, जसं ती तापातल्या मुलाच्या कपाळाला लावते. किस्से सांगितले नाहीत. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, “गार आहे.”

नवीन लाइनला खात्याची मोहोर लागावी लागते. मोहोर लावायला आला तो एर्किनच. आता साहेब झालेला, पोट सुटलेलं. त्याने दोन्ही हातांनी तोलिबचा हात धरून सलाम केला, मुहय्योला ओपा, म्हणजे ताई, अशी हाक मारली, बाजेवर बसून चहा घेतला, मग झाकण उघडलं आणि शीळ घातली.

“उस्ता! काय काम आहे! लोक काही बोलतात हो, म्हणे हातात काहीतरी झालंय. मी म्हटलं, गुडघा आहे, गुडघा. हे बघा, हात तोच आहे. एकही तार वाकडी नाही.”

मुहय्यो चहाच्या किटलीत बघू लागली. किटलीत काही नव्हतं. तिने मनातल्या मनात ठरवलं होतं, विचारलं तरी बोलायचं नाही. चारचौघांत राहणाऱ्या माणसाला एवढं तरी राहू द्यावं.

“माझा हात नाही,” तोलिब म्हणाला.

“म्हणजे?”

“हिचा आहे. तुझ्या ओपाचा. मी बाजूला बसून नुसतं ओरडलो.”

एर्किन हसला. उस्ताची थट्टा तो ओळखत होता. पण समोरचं कुणी हसेना, तसा तोही थांबला.

तोलिबने उजवा हात त्याच्यासमोर धरला. पंजा उघडा, बोटं पसरलेली. एवढ्या वर्षांत त्याने तो कुणाला असा दाखवला नव्हता; डॉक्टरांपुढेही तपासणी संपताच टेबलाखाली घेतला होता. बोटं वाऱ्यातल्या पानांसारखी हलत होती.

“गुडघा चांगला आहे,” तो म्हणाला. “गुडघ्याला काही झालेलं नाही.”

एर्किनने खाली मान घालून मोहोर लावली, तार कापली, दोनदा विचारलं की काही लागलं तर सांगा. निघताना दारापाशी तो मुहय्योला हळूच म्हणाला, “ओपा, आमच्या खात्यात माणसं कमी आहेत बरं का.”

“पगार सांग, मग बघू,” ती म्हणाली, आणि तोलिब मागून खो खो हसला.

गाडी शुक्रवारी आली. पांढरी, छोटी, आवाज न करणारी. गल्लीतली पोरंटोरं गोळा झाली. शेजारची हलिमाआजी दृष्ट काढायला इसिरिकच्या पाल्याची धुरी घेऊन आली आणि गाडीभोवती धूर फिरवत, खोकत, दुवा मागत राहिली. शोरूमच्या माणसाने किल्ली मुहय्योच्या हातात दिली, चार्जर लावून बघितला, हिरवा दिवा लागला, आणि तो सह्या घेऊन निघून गेला.

“चला उस्ता, एक चक्कर मारून या!” गल्लीतून कुणीतरी ओरडलं.

तोलिब पुढे झाला. चाळीसेक वर्षांच्या सवयीने डाव्या, ड्रायव्हरच्या बाजूला गेला, दार उघडलं आणि एक पाय आत टाकला. मग थांबला. सगळी गल्ली बघत होती. त्याने पाय बाहेर काढला, पण दार लावलं नाही. ते तसंच उघडं धरून, थोडा बाजूला सरून उभा राहिला.

“ये,” तो मुहय्योला म्हणाला. “बस. सीट पुढे घ्यावी लागेल तुला.”

ती बसली. त्याने दार लावलं, नीट लागलंय का ते ओढून बघितलं आणि गाडीच्या समोरून वळसा घालून पलीकडे आला. आत बसून त्याने टोपी सारखी केली. मग बेल्ट घ्यायला त्याचा हात डाव्या खांद्यामागे गेला आणि तिथे चाचपडत राहिला. या सीटचा बेल्ट उजवीकडे होता.

मुहय्यो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत थांबली. तिने घाई केली नाही.