दोन्हीकडे उजवा बाण

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नाही हं, आणि दुकानावर टांगतात ती पण नाही. मी घडीची पाटी. म्हणजे दोन फळ्या, वर बिजागऱ्या, पाय फाकवले की तंबूसारखी रस्त्यावर उभी. माझ्यावर लिहिलंय, ‘घर बघायला या. आज उघडं आहे.’ आणि खाली मोठ्ठा लाल बाण. त्या बाणाचीच तर सगळी गंमत आहे, पण ती आधीच सांगून टाकली तर पुढचं कोण ऐकणार? म्हणून क्रमाने सांगते.

मी जन्मले एका सुताराच्या दुकानात. त्याचं एका दाराचं माप चुकलं, दार चौकटीत बसेना, म्हणून त्याने ते मधोमध कापलं आणि त्यातून मी निघाले. म्हणजे खरं तर मी दारच व्हायची होते, थोडक्यात हुकलं. मग रंगाऱ्याने माझ्या एका बाजूवर अक्षरं काढली, बाण काढला, तो त्याला फारच आवडला, म्हणून दुसऱ्या बाजूवर त्याने हुबेहूब तेच उतरवलं. बाणसुद्धा. दोन्हीकडे उजवीकडेच.

आता बघा, तुम्ही रस्त्याच्या या टोकाकडून आलात तर तुमचा उजवा हात घराच्या बाजूला. आणि त्या टोकाकडून आलात तर तुमचा उजवा हात बरोब्बर उलट्या बाजूला. कळलं ना? माझी एक बाजू खरं सांगते आणि दुसरी लोकांना भलतीकडेच धाडते.

मला ज्यांनी करून घेतलं, त्या बाईंचं काम म्हणजे लोकांची घरं विकून द्यायची. त्यांच्या हातात कायम किल्ल्यांचा एवढा जुडगा असायचा, म्हणून सगळे त्यांना किल्लीबाई म्हणायचे. पहिल्याच रविवारी निम्मे लोक घराऐवजी समोरच्या सायकलच्या दुकानात जाऊन उभे राहिले. किल्लीबाई तावातावाने रंगाऱ्याकडे गेल्या, तर तो शांतपणे म्हणाला, “बाई, दोन्हीकडे उजवंच काढलंय. डावं काही केलंच नाही मी.” आता याच्याशी काय भांडणार. पुन्हा रंगवू, पुढच्या आठवड्यात रंगवू, असं म्हणता म्हणता ते राहूनच गेलं, आणि बाईंनी सोपी युक्ती काढली. माझी चुकीची बाजू भिंतीला टेकवायची. बस. पुढची कितीतरी वर्षं माझी एक बाजू नुसत्या भिंती बघत राहिली, आणि त्या बाजूने येणाऱ्यांना घर उघडं आहे हे कळलंच नाही.

पण काम मला फार आवडायचं. रविवार आला की बाई मला फडक्याने पुसायच्या, गाडीत घालायच्या, आणि जे घर विकायचं असेल त्याच्या कोपऱ्यावर उभं करायच्या. दोन तास दार सताड उघडं. कोणीही यावं, बघावं, जावं. लोक यायचे पण किती. काही खरंच घर शोधणारे. काही शेजारी, ज्यांना इतकी वर्षं फक्त बाहेरचे पडदे दिसले होते. काहींना नुसतं सावलीत पाच मिनिटं बसायचं असायचं.

आता मला घरात काय चाललंय ते दिसायचं नाही, मी आपली कोपऱ्यावर. पण मित्रांनो, एक गुपित सांगू? घरात लोक खरं बोलतच नाहीत. आत बाईंची वही असायची, अभिप्रायाची, त्यात सगळे लिहायचे, ‘छान.’ ‘फार छान.’ ‘प्रसन्न वाटलं.’ आणि मग माझ्यापर्यंत आले की कोपऱ्यावर थबकायचे, मागे वळून बघायचे, आणि तिथे पोटातलं ओठावर यायचं. स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास कुठे घ्यायचा? हा रंग कोणी निवडला, शत्रूने? सगळं माझ्यासमोर. बाईंकडे वहीभर ‘छान’ आणि माझ्याकडे सगळं खरं, आणि मला तोंड नाही. अक्षरं आहेत, पण तीच ती.

मग आलं काकूंचं घर.

गल्लीच्या तोंडाशी, वरच्या मजल्यावर. काका निवृत्त बसड्रायव्हर, आणि काकूंचे गुडघे पार गेलेले. घराला अठरा पायऱ्या. काकू सात महिन्यांत एकदाही खाली उतरल्या नव्हत्या. सात महिने, विचार करा. त्यांचं जग म्हणजे रस्त्याकडची खिडकी, आणि खिडकीतून दिसणारं रस्त्यापलीकडचं शिवणकामाचं दुकान. त्या दुकानातल्या टेलरमावशी रोज मशीनवरून मान वर करून काकूंना हात करायच्या, काकू वरून हात करायच्या. तेवढंच.

आणि तिकडे काकूंच्या धाकट्या बहिणीच्या घरासमोर, अगदी दारासमोर दार, तळमजल्याचं एक घर रिकामं झालं होतं. एकही पायरी नाही. त्याचा मालक भला माणूस, म्हणाला, महिनाअखेरपर्यंत थांबतो, पुढे नाही जमायचं. म्हणजे चार रविवार. चार रविवारांत वरचं घर विकलं गेलं तर काकू पुन्हा अंगणात बसणार, नाहीतर ती खिडकीच.

काकांनी पहिल्याच दिवशी किल्लीबाईंना विचारलं, मला उभं करता करताच. “ताई, खरं सांगा, असं दार उघडं टाकून घर विकलं जातं का हो? का नुसतीच जत्रा?” बाई म्हणाल्या, “काका, बस रिकामी असली तरी थांब्यावर थांबायला लागतं ना?” हे काकांना एकदम पटलं.

पण बाईंचा एक नियम होता. घर बघायला लोक येतील तेव्हा मालकाने घरात थांबायचं नाही. त्यांचं म्हणणं, मालक समोर असला की लोक पाहुण्यासारखे वागतात, कपाट उघडत नाहीत, नळ सोडून बघत नाहीत, हे आपलं घर असं त्यांच्या मनातच येत नाही. तसं त्यात तथ्य होतं हो. काका निमूटपणे जाऊन लांब बसथांब्यावर बसायचे आणि कुठली बस किती उशिरा आली ते बघत राहायचे. पण काकूंना कुठे नेणार? अठरा पायऱ्या दोनदा, दर रविवारी?

मग ठरलं की काकूंनी आतल्या खोलीत बसायचं. दार लावून. कोणी विचारलंच तर सांगायचं, आत सामान आहे.

मला हे कसं कळलं? संध्याकाळी बाई मला गाडीत आडवं टाकायच्या आणि घरी जाताना फोनवर भावाला सगळं सांगायच्या. म्हणायच्या, बिचाऱ्या दोन तास हूं की चूं करत नाहीत, शिंक आली तर तोंडावर उशी धरतात.

पहिल्या रविवारी बावीस माणसं आली. वहीत बावीस वेळा छान. आणि माझ्यापाशी? एक दाढीवाले गृहस्थ बायकोला म्हणाले, घर बरं आहे, पण ती खोली का दाखवली नाही? बायको म्हणाली, ओल असणार, दुसरं काय, भिंत फुगली असेल. दुसऱ्या रविवारी दोघी बहिणी आल्या, त्यांचा अंदाज होता की छत खचलंय. तिसऱ्या रविवारी तर एकाने सांगून टाकलं, त्या दाराआडून त्याने स्वतः खोकल्याचा आवाज ऐकलाय, आणि घरात कोणी नाही असं बाई सांगत होत्या, म्हणजे काहीतरी भानगड आहे. झालं. त्या दिवशी रस्त्याने येणारे चार जण माझ्यापासूनच परत फिरले.

तुम्हाला सांगते, मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. मी सगळं ऐकत होते. ओल नाहीये, छत नाहीये, अहो आत काकू आहेत, चष्मा लावून चुपचाप बसलेल्या, एवढंच सांगायचं होतं. आणि मी काय सांगत होते? ‘आज उघडं आहे.’ मलाच माझ्या अक्षरांची लाज वाटायला लागली.

चौथा रविवार. शेवटचा. बाई आल्या त्याच घाईत, एका हातात फुलं, एका हातात मी. आणि बघतात तर माझ्या नेहमीच्या भिंतीला कोणीतरी नुकताच रंग मारलेला, ओला ओला. मला टेकवणार कुठे? लोक तर यायला लागले होते. बाईंनी मला फुटपाथच्या मधोमध ठेवलं, पाय फाकवले आणि पळाल्या. कितीतरी वर्षांनी माझ्या दुसऱ्या बाजूने रस्ता बघितला. आणि पहिल्या दिवशी केलं तेच केलं तिने. लोकांना भलतीकडे धाडायला लागली.

भलतीकडे म्हणजे कुठे, तर रस्त्यापलीकडे. टेलरमावशींच्या दुकानात. एक आला, घर कुठंय. दुसरी आली, बेडरूम किती. तिसऱ्याने सरळ आत येऊन कपडे बदलायच्या कोपऱ्याचा पडदा बाजूला केला आणि म्हणाला, जागा जरा लहान वाटते. सातव्या माणसानंतर मावशी उठल्या, गळ्यात टेप तसाच, आणि तरातरा रस्ता ओलांडून माझ्याकडे आल्या. त्यांचा इरादा मला चांगलं आडवं करायचा होता, हे मी त्यांच्या चालीवरूनच ओळखलं.

आणि नेमकं तेव्हाच घर बघून परत येणारं एक कुटुंब माझ्यापाशी थबकलं. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. बायको दवाखान्यात नर्स, रात्रपाळी करून तशीच आलेली. तिला घर आवडलं होतं, तिच्या आवाजावरूनच कळत होतं. पण नवरा म्हणाला, ती बंद खोली काही मला बरी दिसत नाही, नक्की ओल आहे. आई म्हणाली, झाकून ठेवलंय म्हणजे काहीतरी आहेच, चला.

मावशींनी मला उचलायला घातलेला हात तसाच राहिला.

“ओल?” त्या म्हणाल्या. “अहो, रविवारी वरची खिडकी रिकामी असते, आणि काकूंना तर पायऱ्या उतरवत नाहीत. त्या खोलीत ओल नाही. माणूस आहे.”

आणि मग जे झालं ते सगळं मला नंतर गाडीत कळलं, बाई फोनवर भावाला सांगत होत्या आणि मधे मधे नाक पुसत होत्या. मावशी त्या तिघांना घेऊन अठरा पायऱ्या चढल्या, सात महिन्यांत पहिल्यांदा, आणि बाई अहो अहो म्हणेपर्यंत त्यांनी ते दार उघडलं. आत काकू. चांगले कपडे घालून खुर्चीत ताठ बसलेल्या, मांडीवर उशी, शिंकेसाठीची. मग काकूच बोलल्या.

“या, बसा. घर चांगलं आहे. माझे गुडघे वाईट आहेत.”

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, कोणी न विचारता. स्वयंपाकघरातला नळ पहाटे ठणठण वाजतो, त्याला एकदा प्लंबर दाखवा. ही भिंत उन्हाळ्यात तापते. पण थंडीत दहा वाजेपर्यंत याच पलंगावर ऊन असतं, आणि रात्रपाळी करून दिवसा झोपायचं असेल तर मागची खोली शांत आहे, तिथे आवाज येत नाही. बाई सारख्या खुणा करत होत्या, नळाचं नका सांगू म्हणून. काकूंनी लक्षच दिलं नाही. नवऱ्याची आई काकूंशेजारी पलंगावर बसली ती तासभर उठलीच नाही. दोघी गुडघ्यांवर बोलत होत्या.

नाही, त्या दिवशी घर विकलं गेलं नाही. असं होत नसतं, ते फक्त गोष्टीत. ती माणसं सोमवारी परत आली, बुधवारी प्लंबरला घेऊन आली, आणि शुक्रवारी हो म्हणाली. महिना संपायला एकच दिवस होता.

काकूंना खाली आणलं त्या दिवशी त्याच खुर्चीत बसवून, काकांनी, नर्सच्या नवऱ्याने आणि दोघा शेजाऱ्यांनी उचलून. काका मागून ओरडत होते, हळू, हळू, वळण आहे. बाई निरोप द्यायला आल्या होत्या, आणि सामानाला जागा व्हावी म्हणून त्यांनी मला गाडीतून काढून कोपऱ्यावर उभं केलं होतं. काकूंनी खुर्ची माझ्याजवळ थांबवायला लावली. वरून त्यांना नुसतं माझं डोकं दिसायचं. त्यांनी माझी एक बाजू वाचली, मग मान वाकडी करून दुसरी वाचली, आणि हसायलाच लागल्या.

त्यानंतर किल्लीबाईंनी नियम बदलला. आता मालक घरात असला तरी चालतो, म्हणतात, फक्त एखादं दार बंद ठेवू नका. आणि शेवटचा अर्धा तास त्या स्वतः कोपऱ्यावर येऊन उभ्या राहायला लागल्या, लोक खरं बोलतात तिथे. तर दार उघडं ठेवून घर विकलं जातं का, असं तुम्ही मला विचाराल, तर मी म्हणेन, माणसं आत येतात एवढं नक्की. पुढचं काम दाराचं नाही.

पुढे बाईंनी नवी पाटी आणली, चकचकीत, बाण दोन्हीकडे बरोबर. मी त्यांच्या जिन्याखाली गेले. बिजागरीला गंज चढला, अक्षरांवर कोळ्याने जाळं केलं. वर्षभर कोणी पुसलं नाही. वाटलं, संपलं आपलं. मग एक दिवस काकांचा फोन आला. काकूंनी विचारलंय, ती जुनी पाटी टाकली तर नाही ना?

आता मी कुठे आहे सांगू? काकूंच्या नव्या घरापुढे, गल्लीच्या मधोमध. काका सकाळी बिजागरीला तेलाचे दोन थेंब सोडतात आणि मला उभं करतात. नवखी माणसं वाचून आत डोकावतात, विचारतात, घर विकायचं आहे का? काकू अंगणातल्या खुर्चीतून म्हणतात, नाही हो, नुसतं बघा, बसा जरा.

आणि त्या टोकाकडून येणाऱ्यांना माझी दुसरी बाजू समोरच्या दारात पाठवते. तिथे काकूंची बहीण बसलेली असते. दोघींकडे पाहुणे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या जिन्याखाली काही जुनं पडलं असेल तर टाकायच्या आधी एकदा पुसून बघा. आणि माझ्यासाठी एवढंच करा, पाऊस आला की मला आत घ्या. बाण मात्र कोणी दुरुस्त करू नका. आयुष्यात पहिल्यांदाच माझे दोन्ही बाण बरोबर आहेत.