शेकाच्या खुणा

गाठ माझ्या छातीत होती आणि डॉक्टरीणबाई बोलत होत्या माझ्या नवऱ्याशी. नागपूरच्या दवाखान्यात मी दोघांच्या मध्ये बसले होते. त्यांनी विचारलं, "यांना भूक लागते का?" हे, म्हणजे आमच्या आदेशचे बाबा, म्हणाले, "लागते जी." "झोप येते?" "येते जी." भूक माझी, झोप माझी, आणि उत्तरं देणारे हे! मी टक्क डोळ्यांनी छपराकडे पाहत असते तेव्हा हे शेजारी घोरत असतात, म्हणून यांना वाटतं मीही झोपलेय. मी तोंड उघडलं तर बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही काही काळजी करू नका," आणि मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. मग आत दोघांचं बराच वेळ काय चाललं ते त्यांनाच ठाऊक.

मला एवढंच हवं होतं. मी वाचणार की नाही, हे कोणीतरी माझ्या तोंडावर सांगावं. वाईट असलं तर वाईट सांगावं. एवढंसुद्धा मिळेना, म्हणून माझं डोकं तापलं होतं.

मी गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात ब्लाउज शिवते. आजूबाजूच्या चार गावांच्या बायकांची मापं माझ्याकडे आहेत. पण कोणाच्याही अंगाला टेप लावायच्या आधी मी विचारते, "लावू का व?" पोरगी असो की म्हातारी, विचारते. गळा केवढा, बाही केवढी, ते तिलाच विचारते. तिच्या सासूला नाही, नवऱ्याला तर नाहीच. ब्लाउजासाठी एवढं विचारायचं असतं, मग इथे तर माणूस कापायचा होता.

सुरुवातीला चंद्रपूरला तपासणी झाली तेव्हा मी हसत होते. त्या मशीनमध्ये दोन पाट्यांच्या मधे छाती ठेवतात आणि वरून दाबतात. दाबणारी पोरगी म्हणाली, "श्वास रोखा." मी म्हटलं, "बाई, रोखाले श्वास उरला पायजे ना! जन्मभर मापं घेतली मी, पण असं पापडावानी लाटून कोणाचं घेतलं नाई." पोरगी इतकी हसली की तिला फोटो दुसऱ्यांदा काढावा लागला. मग सुई टोचून तुकडा काढला. त्याचा निकाल आला तो यांच्या हाती. घरी येऊन म्हणाले, "गाठीची बीमारी आहे, नागपूरले जा लागते." बस, गाठीची बीमारी. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. मला तो सांगितला माझी जाऊ रुखमा हिने, तोही भांडी घासता घासता.

गावात मात्र सगळ्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. बायका भेटायला येत आणि बोलताना माझ्या तोंडाकडे न बघता छातीकडे बघत. दोघीतिघींनी शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. एकीला मी दारातच धरलं. म्हटलं, "मी ब्लाउजाले हूक लावतो व, बीमारी नाई लावत." तिने मान खाली घातली, पण कापड नेलंच.

गावाबाहेर कडुनिंबाखाली मातामाय देवीचं ठाणं आहे. मी दर मंगळवारी जाऊन तिच्याशी बोलायचे. बोलायचे म्हणजे भांडायचेच. "मले न्यायचं असन तर ने," मी तिला सांगितलं, "पण आधी सांगून ने. चोरावानी नेऊ नको." मातामाय काही बोलली नाही. पण तिची गोष्ट वेगळी, ती दुसऱ्या कोणाशीही बोलत नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर नागपूरला ऑपरेशन झालं. मी शुद्धीवर आले, हात छातीवर नेला आणि उजवीकडे काहीच नव्हतं, नुसती पट्टी. मला वाटलं होतं गाठ काढतील, कडेचं थोडं काढतील. सगळं काढायचं ठरलं होतं, आणि ते यांना आठ दिवस आधीपासून माहीत होतं.

"काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"तू भेली असती."

"मंग आता नाई भेली का मी?"

हे पलंगाशी उभे राहून पाणी ओतत राहिले. पेला भरून सांडला तरी ओतत होते. मला त्यांची दया आली असती, पण त्या दिवशी दया करायला माझ्याजवळ जागाच नव्हती. माझ्या अंगातला एवढा मोठा भाग गेला आणि मला साधा निरोप घेता आला नाही, या रागाने मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मग सलाईनमधून औषधं सुरू झाली. केस गेले. मी टकलावर पदर घेऊन मशीन चालवायचे. उजवीकडे भरायला मी कापसाची पिशवी शिवली. पहिल्यांदा हलकी झाली आणि वर सरकून गळ्याशी आली, तेव्हा आत मूठभर मोहरी घालून वजन बरोबर केलं. रुखमा पोट धरून हसली. मीही हसले. हसू मला येत होतं, ते कोणी काढून नेलं नव्हतं.

औषधं संपल्यावर शेक द्यायचा ठरला. मोठ्या मशीनने किरणं सोडतात, त्याला आमच्याकडे शेक म्हणतात. त्यासाठी मला एका फळीवर निजवलं, हात डोक्यावर घ्यायला लावला आणि छातीवर जांभळ्या शाईने रेघा आणि फुल्या काढल्या. मी म्हटलं, "हे कायसाठी?" काढणारी म्हणाली, "हलू नका मावशी." मग ती बाहेर गेली आणि कोणाला सांगितलं? आदेशच्या बाबांना सांगितलं. यांनी मला एसटीत बसल्यावर सांगितलं, "खुणा मिटल्या नाई पायजे. मिटल्या तर नंबर जाते, सप्पा पुन्हा करा लागते." शेक सुरू व्हायला दहा दिवस होते, तोवर घरी राहायला सांगितलं होतं.

चंद्रपूर-गोंडपिपरीचा चैत्र ज्याने अंगावर घेतला आहे त्याला पुढचं सांगायला नको. पत्र्याच्या खाली बसलं की घाम धारांनी वाहतो. मी आंघोळ सोडली, पंख्यासमोर हलले नाही, तरी तिसऱ्या दिवशी जांभळी रेघ ब्लाउजाला लागली आणि फुल्या फिकट झाल्या. त्या मशीनसाठी किती बायका रांगेत बसलेल्या मी पाहिल्या होत्या. नंबर गेला तर पुन्हा कधी लागणार? आणि तोवर ते जे काही आत राहिलं असेल ते थांबणार आहे का? यांना विचारलं तर म्हणाले, "हात नको लावू." हात लावत कोण होतं?

कापडावर खडूने खूण केली आणि ती पुसायला लागली की मी काय करते? कच्चा टाका घालते. अंगावर पुसली न जाणारी खूण कशी करतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही माहीत आहे. माझ्या कपाळावर, हातावर, पोटरीवर लहानपणापासून गोंदण आहे. घामाने गेलं नाही, बाळंतपणात गेलं नाही, मेल्यावरही ते सोबत जातं म्हणतात.

बाजाराच्या दिवशी गोंदणारी मंगली आली. मंगली म्हातारी झाली, पण अजून सुयांनीच गोंदते, जत्रेतल्या पोरांसारखं बॅटरीचं यंत्र नाही. मी तिला आत घेतलं, दार लावलं आणि पदर बाजूला केला. तिने पाहिलं. व्रणावरून नजर हलवली नाही आणि हळहळलीही नाही, म्हणून मला ती फार आवडली.

"या फुल्या पक्क्या कर," मी म्हटलं.

"दुखन व."

"दुखू दे."

मी पाटावर बसले आणि ती गुणगुणत टोचत गेली. चार फुल्या झाल्या. पण नुसती फुली तिला बोडकी वाटली, म्हणून माझ्याकडे न बघता तिने प्रत्येक फुलीभोवती चार चार ठिपके दिले. "आता शोभते," म्हणाली. मी आरशात पाहिलं. खरंच शोभत होतं. इतक्या महिन्यांत त्या सपाट जागेकडे पाहून मला पहिल्यांदा बरं वाटलं. यांना मी काही बोलले नाही. हे मला सांगत नाहीत, मग मी यांना काय म्हणून सांगू?

शेकाच्या दिवशी मी ऐटीत फळीवर निजले. खुणा पाहणाऱ्या पोरीने चादर काढली आणि किंचाळली. डॉक्टरीणबाई धावत आल्या. वाकून पाहिलं, बोट फिरवलं, आणि मग माझ्यावर चिडायचं सोडून दार उघडून बाहेर बसलेल्या यांना आत बोलावलं. "भाऊ, तुम्हाला सांगितलं होतं ना? तुम्ही यांना नीट समजावलं नाही का? हे काय करून आणलंय?"

यांनी पाहिलं आणि यांचा चेहरा पांढरा झाला.

मी उठून बसले. अंगावर चादर होती की नाही मला शुद्ध नव्हती. "बाई, छाती मायी आहे का याईची? तुमी याईले रागवून राह्यल्या! टोचून मी घेतलं, मले रागवा ना. शाई कायची, पुसली तर काय होते, एक बार तरी मले सांगितलं का? निजली तर म्हणते हलू नका, बसली तर म्हणते बाहेर बसा. तुमी सोता बाईमाणूस. तुमाले मी दिसत नाई का?"

डॉक्टरीणबाईंचे कान लाल झाले होते. सवयीने त्या पुन्हा यांच्याकडेच वळल्या, "हे बघा भाऊ..."

तेव्हा आदेशचे बाबा म्हणाले, "तिले सांगा जी. मले नका सांगू." आणि बाहेर निघून गेले. दार यांनीच ओढून घेतलं.

मग त्या बाईंनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसल्या. सगळं सांगितलं. बसून गोंदलं तर निजल्यावर, हात वर केल्यावर कातडी सरकते. किरणं बोटभर जरी चुकली तरी नको तिथे, फुप्फुसावर जातात. काही ठिकाणी दवाखान्यातच सुईने ठिपका देतात, पण निजवून, मोजून, स्वच्छ सुईने. आता ही टोचलेली जागा भरेपर्यंत शेक लांबणार आणि खुणा नव्याने होणार. "पिकलं असतं तर जिवावर आलं असतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "चुकलं मायं." म्हणायला मला जड गेलं नाही. समोर बसून सांगितल्यावर समजत होतं, आणि समजल्यावर कबूल करायला कसली लाज?

"आता एक सांगा," मी म्हटलं. "मी वाचन का?"

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "म्हणजे? तुम्हाला माहीत नाही? ऑपरेशननंतरच मी भाऊंना सांगितलं होतं. गाठ पूर्ण निघाली आहे. काखेत थोडं होतं, तेही काढलं. पुढे कुठे पसरलेलं नाही. शेक आणि गोळ्या पूर्ण केल्या तर तुम्ही बऱ्या व्हाल अशी मला चांगली आशा आहे."

"ऑपरेशननंतर?"

"हो. तेव्हाच."

मी पेटीत हिरवं लुगडं घडी करून ठेवलं होतं, मेल्यावर माझ्यावर घालायला. मशीन कोणाला द्यायची ते ठरवलं होतं. दिवाळीत सगळे करंज्या तळत होते तेव्हा ही आपली शेवटची दिवाळी म्हणून मी एकटी गोठ्यात जाऊन रडले होते. वाईट सांगितलं नाही ते एक वेळ समजू शकते. चांगलंही सांगितलं नाही! आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याच्या आधी माझं टाळकं फिरलं.

हे बाहेर बाकावर बसले होते. मी जाऊन उभी राहिले.

"गाठ पुरी निघाली, हे तुमाले ठाऊक होतं?"

यांनी मान खाली घातली. "चंद्रपूरच्या महाकालीले नवस बोललो होतो. तुयं सप्पा नीट झालं तर चैताच्या जत्रेले पायी येतो म्हणून. नवस फळेपर्यंत चांगलं तोंडातून काढू नाई म्हणतात. नजर लागते."

"महाकालीले सांगितलं, अन मले नाई?"

यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही रडत होते, पण शिव्या देणं थांबवलं नाही. बाकावरची माणसं सरकून बसली. मग हे घाबरत म्हणाले, "आता बाई काय म्हणाल्या? त्या गोंदनानं काई बिघडलं का?"

"आतापासून आत मी जाईन," मी म्हटलं. "तुमी बाहेर बसान. मंग माह्या मनात आलं तर सांगन."

"पण आज काय म्हणाल्या?"

मी उत्तर दिलं नाही. एसटीत खिडकीजवळ बसले आणि ठरवलं, गोंडपिपरी येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. न कळणं कसं असतं ते यांनाही कळू दे. बुटीबोरी गेलं. जांब गेलं. हे एकदा माझ्याकडे बघत आणि एकदा स्वतःच्या हातांकडे. पाण्याची बाटली मांडीवर तशीच होती, एक घोट घेतला नव्हता. दोनदा विचारायला ओठ हलले आणि मिटले. अर्ध्या वाटेवर वरोऱ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मला ते पाहवेना. मी सांगून टाकलं, काही बिघडलेलं नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. यांनी बाटली उघडली आणि एका दमात अर्धी संपवली.

माझ्याच्यानं वरोऱ्याच्या पुढे झालं नाही. यांच्याच्यानं दिवाळीपासून चैतापर्यंत कसं झालं, याचा मला अजून राग येतो.