पूर्ण नाव घ्या

आता तिच्या दाराशी कॅमेरेवाले येतात आणि विचारतात, "ओंदिनाबाई, तुमच्या गाण्याची सुरुवात कधी झाली?" ती गोड हसून सांगते, "लहानपणापासून." साफ खोटं! सुरुवात झाली एका रविवारी दुपारी, आमच्या मंडळाच्या अंगणात, टेकडीवर. मी तिच्या शेजारी उभी होते आणि तोंड मिटून उभी होते. मी, झेफा, जिला अख्खी टेकडी भोंगा म्हणते!

आमचं सांबा मंडळ कार्निव्हलला खाली रिओ शहरात मिरवणूक काढायचं. ढोल बडवायचे पुरुषांनी, गाणी बांधायची पुरुषांनी. बायकांनी काय करायचं? घेरदार झगे शिवायचे आणि गायचं. गाणं बांधणाऱ्यांची एक वेगळी खोली होती आणि तिच्या उंबऱ्याच्या आत बाईने फक्त कॉफी घेऊन जायचं. ओंदिनाने तीन गाणी बांधली आणि तिन्ही तिच्या दिराच्या, वाल्दोमिरोच्या, नावाने गेली. टेकडीवर कोंबड्यांनासुद्धा हे ठाऊक होतं. पण बोलायचं कुणी? वाल्दोमिरो माणूस वाईट नव्हता. मऊ होता, आणि पांढरे बूट घालायची त्याला फार हौस.

तर झालं काय, त्याचं, म्हणजे तिचं, तिसरं गाणं रेडिओवर वाजलं. ते गाणं ओंदिनाला तिची आई गेली त्या दिवशी सुचलं होतं. मयताशेजारी बसून ती गुणगुणत होती, मी कानांनी ऐकलंय. रेडिओवाल्याने वाल्दोमिरोला विचारलं, "काय हो, इतकं दुःखाचं गाणं सुचलं कसं?" आणि हा शहाणा म्हणाला, "दाढी करत होतो, सुचलं."

ओंदिना तेव्हा खालच्या साहेबांचे सदरे इस्त्री करत होती. सदरा जळाला. तिने तो तसाच टाकला आणि चढ चढून थेट माझ्या दारात आली.

"माझ्या आईच्या मयताचं गाणं, झेफा! दाढी करताना!"

"बस अगं, पाणी पी."

"पाणी नको मला. पुढचं गाणं माझ्या नावाने जाईल, नाहीतर जाणारच नाही."

पुढचं गाणं तिने धुण्याच्या टाक्यांवर बांधलं, आमच्या देखत. आमच्या टेकडीवर नळ एकच होता, तोही पायथ्याशी. 'टेकडीवर पाणी चढतं, माझ्या डोक्यावर बसून चढतं,' अशी त्याची सुरुवात. अहाहा! ऐकलं की मान आपोआप ताठ व्हायची. नेहमीप्रमाणे वाल्दोमिरो येऊन ऐकून गेला, आणि आठवड्याने तो गुळगुळीत दाढी करून मंडळाच्या अध्यक्षांपुढे ते गायला.

ओंदिना गेली अध्यक्षांकडे. ओलेगारियोदादा धंद्याने खाटीक. हातात सुरा आणि बोलणंही तसंच.

"दादा, गाणं माझं आहे. माझ्या नावाने जाऊ दे."

"बाईच्या नावाने मिरवणूक? पलीकडच्या टेकडीवरचे दात काढतील. आणि घरातलंच आहे ना? दिराचं काय, वहिनीचं काय!"

"मग तुमच्या दुकानावर मेव्हण्याच्या नावाची पाटी लावा. तीही घरातलीच."

दादांनी सुरा आपटला. रविवारी वाल्दोमिरोच गाणार, विषय संपला.

पण आमच्याकडे एक रीत होती, आणि ती अध्यक्षाच्या बापालाही मोडता येत नव्हती. नवं गाणं बांधणाऱ्याने अंगणाच्या मधोमध उभं राहून तीनदा गायचं. तीनदा गाऊन होईपर्यंत बायकांनी ते उचललं तर गाणं जगलं. नाही उचललं तर मेलं. मग ते परत कधीच अंगणात आणायचं नाही.

शनिवारी टाक्यांवर ओंदिनाने हात पुसले आणि म्हणाली, "उद्या कुणी गाऊ नका."

मीच म्हटलं, "अगं, वेडी झालीस? मरेल ना ते! तुझंच पोर आहे."

"मरू दे. दुसऱ्याचं नाव लावून जगण्यापेक्षा मेलेलं बरं." आणि मग तिचे ओठ थरथरले. "मला काय आवडतंय होय गं?"

तिला मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं. आईच्या वेळीसुद्धा रडली नव्हती.

रविवारी अंगण गच्च भरलं. काळ्या घेवड्याचं आणि डुकराच्या कानांचं पातेलं चुलीवर रटरटत होतं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. आम्ही चाळीस जणी रांगेत उभ्या, ओंदिना माझ्या उजवीकडे. समोर ढोलवाल्यांत माझा नवरा निवाल्दो. वाल्दोमिरो मधोमध आला आणि त्याने सुरू केलं. पांढरे बूट, हात पसरलेले.

पहिली फेरी झाली. आम्ही चूप.

दुसऱ्या फेरीला ढोल घुमायला लागले आणि देवाशपथ सांगते, माझ्या घशात खाज सुटली. पाय आपोआप हलत होते. गाणंच तसं बांधलं होतं बयेने! निवाल्दो ढोल बडवता बडवता माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. मीही वटारले. रांगेच्या टोकाची एक पोरगी तोंड उघडायला गेली, तिच्या आजीने तिला कोपर मारलं.

दुसरी फेरी संपली. आता एकच उरली. मी ओंदिनाचा हात धरला.

तिसऱ्या फेरीला वाल्दोमिरो घामाने निथळत होता. निम्म्यावर येऊन त्याचा आवाज चिरकला आणि तो थांबलाच. ढोल एकेक करून बंद पडले.

"दादा," तो म्हणाला, "सांगून टाका. माझ्याच्याने नाही होत."

ओलेगारियोदादा लाल झाले. मिरवणुकीला तीन आठवडे, आणि दुसरं गाणं नाही.

"हे गाणं," ते ओरडले, "वाल्दोमिरोच्या घरातलं आहे!"

चाळीस तोंडं बंद.

"त्याच्या वहिनीचं आहे!"

एक बाई खोकली, बस्स.

"बरं बायांनो, ओंदिनाचं आहे! झालं समाधान?"

आता मात्र मला राहवलं नाही. गायची बंदी होती, बोलायची नव्हती. "कुठली ओंदिना, दादा? टेकडीवर तीन आहेत. पाववाल्याची का?"

अंगण खदखदून हसलं. निवाल्दोसुद्धा हसला, मेला. दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की सुरा हातात असता तर माझी धडगत नव्हती.

"झेफा, तुझी जीभ एक दिवस—"

"पूर्ण नाव घ्या, दादा," ओंदिना म्हणाली. मोठ्याने नाही. पण ढोल बंद होते, सगळ्यांना ऐकू गेलं. "तीन गाणी दिली मंडळाला. एकदा पूर्ण नाव घ्या."

दादांनी डोक्यावरची टोपी काढली. का काढली, त्यांचं त्यांना माहीत.

"गाणं बांधलंय ओंदिना तेओदोरो दा कोन्सेसाँव हिने."

ओंदिनाने माझा हात सोडला. रांग सोडून ती अंगणात गेली, अगदी मधोमध, जिथे बाई कधी उभी राहिली नव्हती. वाल्दोमिरो अजून तिथेच घाम पुसत उभा होता.

"सरका, भाऊजी," ती म्हणाली.

तो सरकला. आणि आम्ही तोंडं उघडली.