विमान अजून यायचंय

वृद्धाश्रमाच्या खिडकीपाशी ग्लेनिसबाईंनी नखं कापून घ्यायला हात पुढे केला.

"तुम्ही तिकडच्या पोरी फार मायेनं करता गं," त्या म्हणाल्या. "काल नेपाळची होती. तू कुठली?"

"आपल्याच गोठ्यामागच्या घरातली, आई," ट्रूडी म्हणाली.

ग्लेनिसबाई हसल्या. त्यांना थट्टाच वाटली.

ट्रूडीच्या लहानपणी बेकरीत, शाळेच्या फाटकाशी, फुटबॉलच्या मैदानावर कुणी ना कुणी विचारायचंच, "ही कुणाची?" कोरियाहून दत्तक आणलेली काळ्याभोर केसांची पोर, आणि तिचा हात धरलेली, उन्हानं लालेलाल झालेली गोरी बाई. आई तो हात आणखी घट्ट धरायची. "माझी. दिसत नाही का?" तेवढ्या बोलावर ट्रूडी आजवर उभी होती.

गमबूट दाराशी काढून क्रेग आत आला. "काय म्हातारे, माझ्या वाटचा केक संपवलास ना?"

"क्रेग!" आईचा चेहरा उजळला. "दूध काढून झालं का रे? आणि या पोरीला चहा विचार. कधीची राबतेय बिचारी."

क्रेगनं बहिणीकडे पाहिलं. "आई, अगं ट्रूडी आहे ही. आपली ट्रूडी."

"खुळा कुठला! ट्रूडी यायचीय अजून. विमानाला उशीर झालाय." मग त्या ट्रूडीकडे झुकल्या, आवाज खाली आणला. "तू तिकडची, तुला ठाऊक असेल. बाळाला कसं निजवतात गं तिकडे? रात्री रडायला लागली तर मी काय करू?"

ट्रूडीला तिकडचं काय ठाऊक असणार! तिनं नेलकटर खाली ठेवलं. आईच्या भुवईवरून कानशिलापर्यंत बोट हलकेच फिरवलं. पुन्हा फिरवलं. "असं."

आईचे डोळे मिटले. "कुणी शिकवलं?"

"आईनं."

"हं." जरा वेळानं त्यांनी डोळे उघडले, तर त्यात धास्ती होती. "लोक विचारतील गं, ही कुणाची म्हणून. काय सांगू?"

ट्रूडीनं क्रेगकडे पाहिलं. तो पाठमोरा होऊन चहात साखर ढवळत होता, ढवळतच राहिला.

"माझी, म्हणायचं."

"माझी," ग्लेनिसबाईंनी पाठ केल्यासारखं म्हणून पाहिलं. "माझी." नजर मात्र दाराकडे लागली होती.

दुसऱ्या हाताची नखं राहिली होती. ट्रूडीनं तो हात आपल्या हातात घेतला.