पहिल्या धारेची बाटली

धुळवडीचा दिवस, अख्खं बालाघाट बंद, आणि गजेंद्रनं नेमकी त्याच दिवशी माती खाल्ली. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी थर्मल पेस्ट लावता लावता ट्यूब फुटली आणि चांदी मिसळलेला करडा गोळा शेजारच्या बारीक जोडांत जाऊन बसला. साधी पेस्ट असती तर निभावलं असतं. हिच्यातून करंट जातो. आणि लॅपटॉप होता मेलेल्या पोरीचा.

खुशी कटंगीची. सासरचे फोनवर काय काय धमकावत, ते तिनं ह्यात रेकॉर्ड करून ठेवलं होतं. तिचा मोबाईल सासरीच गायब झाला. उद्या अकराला कोर्टात पेशी. लॅपटॉप मात्र तापून दोन मिनिटांत बंद पडायचा, आणि डिस्क बोर्डातच जोडलेली, वेगळी काढायची सोय नाही.

तिचा बाप प्रेमलाल सकाळपासून दुकानाबाहेर बाकावर बसला होता. अंगावर रंगाचा एक थेंब नाही.

बॅटरी गजेंद्रनं आधीच काढली होती, तेवढी अक्कल शाबूत होती. आता शुद्ध स्पिरिट घ्यायचं, मऊ ब्रशनं हळूहळू पुसायचं आणि चार तास वाळू द्यायचं. पंधरा वर्षं हेच तर करत आला होता! त्यानं स्पिरिटची बाटली उलटी केली. कोरडी ठणठणीत. औषधाची दुकानंही चारशिवाय उघडणार नव्हती.

"काका, साफ करायले स्पिरिट नाही," तो बाहेर येऊन म्हणाला. सांडलं, हे काही तोंडातून निघालं नाही.

प्रेमलालनं पिशवीतून बाटली काढली. "मोहाची हाये, पहिल्या धारेची. वकिलाच्या मुनशीसाठी आणलो होतो. पेटवून पाहा, निळी जळते."

जळली खरी निळी. पण पहिली धार झाली तरी तिच्यात पाणी असतंच, हे गजेंद्रला ठाऊक होतं. चारपर्यंत थांबू, म्हणायला काय जात होतं? पण थांबलं तर म्हातारा आत डोकावेल, तो करडा राडा बघेल, हे काहून झालं म्हणून विचारील. मेली लाज आडवी आली.

पेस्ट निघाली. बोर्ड लख्ख दिसू लागला. अर्धा तास त्यानं तो पंख्यापुढे धरला.

"एकदा लावा ना भाऊ," प्रेमलाल दारात येऊन उभा राहिला. "पोरीचा आवाज ऐकतो, मंग बसतो चूप."

गजेंद्रनं बॅटरी जोडली, बटण दाबलं. पडदा उजळला, खुशीचा हसरा फोटो दिसला, आणि आत चट्कन काहीतरी वाजलं. जळका वास आला. त्यानंतर तासभर त्यानं सगळं करून पाहिलं, बोर्ड हूं की चूं करेना.

"माह्या दारूनंच झालं ना?" प्रेमलालचा आवाज फाटला. "मीच आणलो. तिच्या मायले, शांताले, काय सांगू आता? पोरीले दुसऱ्यांदा मीच मारलं."

नाही काका, आधी माझ्याच हातून सांडलं. एवढंच बोलायचं होतं. गजेंद्रनं तोंड उघडलं.

"होते असं कधी कधी," तो म्हणाला, आणि बाटलीला बूच लावून त्यानं ती म्हाताऱ्याच्या पिशवीत परत ठेवली.