हाकेऐवजी चिखल

माझ्या सासूबाईंना, म्हणजे चंद्रभागाबाईंना, बोलवायची आमच्या कोंढा गावातल्या बायकांची एकच रीत होती. धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, चिखल केलेल्या बांधीत उतरलं की चिखलाचा छोटा गोळा करायचा आणि त्यांच्या पाठीवर फेकायचा. गोळा बसला की सासूबाई वळायच्या. तापात दोन्ही कान गेले तेव्हापासून हे असंच चाललं होतं. कानात घालायच्या साध्या मशीनचा काही उपयोग झाला नाही. त्यांना नावाने हाक मारणं तर सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

मग नागपूरला ऑपरेशन झालं. कातडीखाली एक तुकडा बसवला आणि बाहेर कानामागे यंत्र आलं. यंत्राच्या वायरला एक चकती असते, ती लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. आवाज तिच्यातून आत जातो आणि बिघडलेला कान टाळून थेट ऐकण्याच्या नसेपर्यंत पोचतो. मला वाटलं, यंत्र सुरू केलं की सासूबाई घडाघडा ऐकतील. कसलं काय! पहिल्या दिवशी म्हणाल्या, "सारे जन डब्यात बसून बोलून राहिले वाटते."

मी हिरमुसले. पण दवाखान्यातल्या मॅडमनी शिकवल्याप्रमाणे रोज त्यांच्या पाठीमागे बसून मी शब्द म्हणायचे, त्या ओळखायच्या. उन्हाळा सरेपर्यंत कुकरची शिटी, शेळीचं ओरडणं, माझी बडबड, सगळं वेगवेगळं कळू लागलं. सासरे भय्याजी माझ्या भाजीला पुटपुटत नावं ठेवतात, हेही मला सासूबाईंनीच सांगितलं. मला राग यायच्या आधी आनंदच झाला. झोपताना त्या ती चकती लोखंडी कपाटाला चिकटवून ठेवायच्या. नाजूक वस्तू अशी ठेवतात का, म्हणून मी रोज कुरकुर करायचे.

रोवणीला त्या हट्टाने आल्या. यंत्रावर मी घट्ट रुमाल बांधून दिला होता. उकडतंय म्हणून त्यांनी तो सोडून कमरेला खोचला. शेजारच्या शकुनबाई त्यांच्या जिवलग मैत्रीण. त्यांना रोपांची जुडी हवी होती. हाताला लागलेली सवय! त्यांनी चिखल उचलला, गोळा केला आणि फेकला. नेमक्या त्याच वेळी सासूबाई वाकल्या. गोळा कानावर बसला आणि यंत्र चकतीसकट गढूळ पाण्यात गेलं.

सासूबाईंनी कान चाचपला. "गेलं माहं," एवढंच म्हणाल्या.

मी शकुनबाईंना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या बिचाऱ्या रडतच चिखल चिवडत होत्या. सगळ्याच बायका चिवडत होत्या आणि पायांनी यंत्र आणखी खोल जाईल म्हणून माझा जीव वर-खाली होत होता. सासूबाई मात्र धुऱ्यावर, म्हणजे बांधावर चढल्या. तिथलं फावडं घेऊन खाली आल्या आणि त्याचं पातं चिखलातून हळूहळू फिरवू लागल्या. मला वाटलं, दुःखाने यांचं डोकं फिरलं. तेवढ्यात त्यांनी फावडं उचललं. पात्याला चकती चिकटलेली होती आणि खाली यंत्र लोंबत होतं. कपाटाने केलं ते फावड्यानेही केलं. त्यानंतर मी कपाटाबद्दल कधी कुरकुर केली नाही.

मॅडमना फोन लावला. धुवा, पुसा, यंत्रासोबत मिळालेल्या सुकवायच्या डब्यात ठेवा आणि उद्या लावून बघा, असं त्या म्हणाल्या. त्या दिवशी आमच्या घरी कोणी धड जेवलं नाही.

सकाळी सासूबाई अंगणात बसून यंत्र लावू लागल्या. लावलं, यंत्रावरचा बारका दिवा लागला, पण ऐकू येतंय का हे विचारायची माझी हिंमत होईना. फाटकातून शकुनबाई आल्या आणि सासूबाईंच्या पाठीमागेच थांबल्या. पदराचं टोक पिळत उभ्या राहिल्या.

मग अगदी हळू म्हणाल्या, "चंद्रभागा."

सासूबाई वळल्या नाहीत. नुसत्या हसल्या आणि डोळे पुसले.

"शकुन," त्या म्हणाल्या, "हात धुऊन आली ना वो?"