वाकडं अंगण

कॉम्प्युटर बिघडलेलाच निघू दे, असं देवाकडे मागणारं माणूस तुम्ही पाहिलंय कधी? नसेलच पाहिलं. आपण सगळे उलटंच मागतो. पण त्या रविवारी सकाळी ताई टेबलासमोर बसून नेमकं हेच मागत होती.

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, नखाएवढे स्क्रू पिळायचे. स्वभाव तापट, पण हात हलका. तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात राहायचा. त्याला घरात बारक्या म्हणत. सहा फूट उंची झाली, डोक्यावर विमानतळ झाला, तरी बारक्याच. दोघांनी मिळून दोन कॉम्प्युटर बनवले होते, अगदी सारखे. सुटे भाग आणून, जमिनीवर चादर पसरून, भांडत भांडत जोडलेले. एक तिच्या घरी, एक त्याच्या. दर रविवारी सकाळी दोघं आपापल्या घरी बसून एकमेकांशी गाड्यांची शर्यत खेळायचे. ताईच्या नवऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे. तो म्हणायचा, "पूर्वी बहीण-भाऊ वाटणीवरून भांडायचे, आता वळणावरून भांडतात. जग सुधारलं!"

इतकी वर्षं दोघं तोडीस तोड. एक रविवार तिचा, एक त्याचा. पण गेले दोन महिने ताई सारखी हरत होती. फार नाही, थोडक्यात. पण हरत होती. वळण यायचं, ती बटण दाबायची, आणि गाडी जरा विचार करून मग वळायची. तोवर भिंत आलेली असायची.

"माझा कॉम्प्युटर स्लो झालाय रे," ती एका रविवारी म्हणाली. म्हणाली, आणि स्वतःचेच शब्द ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

कारण असलं बोलणं तिने आधी ऐकलं होतं. बाबांच्या तोंडून.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. हाताखाली शिकायला आलेल्यांपैकी कुणी कुरकुर केली, की चिमटा नीट धरत नाही, उजेड पुरत नाही, तर बाबा हसून म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळं घर हे वाक्य ऐकत मोठं झालं. आणि मग एक दिवस बाबाच म्हणाले, "हा चिमटा बेकार आहे." नवा आणला. तोही बेकार. मग दिवा कमी पडायला लागला. मग स्टूल डुगडुगायला लागलं. बिचाऱ्यांनी स्टुलाच्या पायाखाली पुठ्ठासुद्धा घातला! सगळं अंगण वाकडं झालं, पण नाचणाराच अडखळतोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा बाबांचा उजवा हात कायमचा खिशात गेला होता, कारण बाहेर काढला की थरथरायचा. शेवटी शेवटी त्यांच्या शर्टाची बटणं ताईच लावून द्यायची, आणि ते दुसरीकडे बघत उभे राहायचे.

डॉक्टर म्हणाले होते, काही घरांत हा आजार पुढच्या पिढीत उतरतो. एखाद्याला होतो, एखाद्याला नाही.

हे "एखाद्याला" ताईच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. आणि त्यातच परवा दुकानात तिच्या हातून एक स्क्रू निसटला. आता चष्म्याचा स्क्रू निसटण्यासाठीच जन्माला येतो, हे कुणालाही विचारा. पण त्या दिवशी घरी आल्यावर तिने न्हाणीघराचं दार लावून घेतलं, हात पुढे ताठ धरला, त्यावर वर्तमानपत्राचा कपटा ठेवला आणि तो हलतोय का ते बघत उभी राहिली. हलला. वाऱ्याने की हाताने, ते काही कळेना. नवऱ्याने बाहेरून विचारलं, "अगं, बरी आहेस ना?" ती म्हणाली, "मला काय धाड भरलीये?"

तर असा तो रविवार. आज खेळायचं नाही, आज तुझा कॉम्प्युटर बघायचा, असं बारक्याने फर्मान काढलं होतं. ताईने फोन बरणीला टेकवून उभा केला. पलीकडे बारक्याचं टक्कल चमकत होतं.

"ताई, आधी आकडा लाव."

हा आकडा म्हणजे कॉम्प्युटर एका सेकंदात किती चित्रं काढून दाखवतो तो. जास्त चित्रं, तितकी गाडी चपळ. एक बटण दाबलं की तो पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. बारक्या दोन महिने तिच्या मागे लागला होता, आकडा लाव, आकडा लाव. ती टाळत होती. का, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आकडा कमी निघाला तर दोष कॉम्प्युटरचा. पण आकडा चांगला निघाला तर? मग अंगण सरळ. मग उरली कोण?

"लावते की. आधी धूळ बघू," ताई म्हणाली.

"कशाला धूळ? हे बघ, माझ्याकडे कसा दिसतोय." त्याने फोन उचलून स्वतःच्या पडद्याकडे वळवला. कोपऱ्यात हिरवा आकडा होता, एकशेचाळीसच्या आसपास. पण चित्र इतकं हलत होतं की ताईचं डोकं उठलं.

"अरे, नीट धर ना! भूकंप झाल्यासारखं काय हलवतोयस?"

"इथे स्टँड नाहीये गं." त्याने फोन घाईघाईने कशाला तरी टेकवला. "दिसला ना? असा आकडा यायला हवा. आपले दोघांचे कॉम्प्युटर सारखेच आहेत."

"दिसला. धूळ बघते."

तिने बाजूचा पत्रा काढला. आत धूळ नव्हती. असणार कशी, दोन महिन्यांपूर्वीच तिने सगळं बाबांच्या मऊ ब्रशने लख्ख पुसलं होतं. एक आशा गेली.

"तापतोय का बघ," बारक्या म्हणाला. तापमान बघितलं. तापत नव्हता. पंखे फिरत होते, बिचारे इमानेइतबारे. दुसरी गेली.

"मागे दुसरं काही चालू नाही ना?" काही नाही. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या जागच्या जागी. वीज बरोबर. एकेक गोष्ट धडधाकट निघत होती, आणि दर वेळी बारक्या पलीकडून "छान!" म्हणत होता. प्रत्येक "छान"बरोबर ताई आणखी खाली वाकून आत बघत होती. बिघड रे मेल्या, ती मनात म्हणत होती. कुठेतरी बिघड. तुला नवे भाग आणते, हवं तर तुझी पूजा घालते, पण आज बिघडलेला नीघ.

नवरा चहाचा कप घेऊन दारात आला. "सापडला का चोर?"

"तुम्ही जा हो आधी!" ताई अशी खेकसली, की तो बिचारा कपासकट मागे फिरला.

"ताई," बारक्याचा आवाज जरा खाली आला. "तू घाबरलीयेस का?"

ती पत्रा परत बसवायला लागली.

"बाबांचं आठवतंय ना तुला?"

आता मात्र तिच्या डोळ्यांना धार लागली. "स्क्रू निसटला रे माझ्या हातून. गाडी वळत नाही. मला भीती वाटते, बारक्या. माझ्या शर्टाची बटणं कोण लावणार रे?"

पलीकडे तो गप्प झाला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तुझी बटणं मी लावीन. आता आकडा लाव बघू. काय असेल ते असेल."

तिने गेम सुरू केला. गाडी रस्त्यावर उभी राहिली. तिने डोळे मिटले, बटण दाबलं. उघडायची हिंमत होईना. मग एक डोळा उघडला.

कोपऱ्यात लाल आकडा होता. एकतीस.

"एकतीस!" ताई ओरडली. "बारक्या, एकतीस आहे! एकतीसच!" ती खुर्चीतून उठली, परत बसली, हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. नवरा धावत आला. "अहो, बिघडलाय! आपला कॉम्प्युटर बिघडलाय!" असं म्हणून तिने त्याचा हात धरून गदागदा हलवला. एवढ्या वाईट बातमीवर बायको एवढी खूश का, हे त्या गरिबाला काही उमगलं नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस असले प्रश्न विचारत नाही. तोही हसला.

बारक्याही हसत होता. "थांब, थांब. चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड झोपलेलं दिसतंय. पडद्याची वायर मागे कुठे लावलीयेस?"

"जिथे होती तिथेच."

"हात घालून नको सांगू. डोळ्यांनी बघ."

ताईने टेबल ओढलं आणि मागे वाकून बघितलं. कार्डाची भोकं खाली होती, त्यांच्यावर काळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या. पडद्याची वायर होती वरच्या भोकात. ते भोक कार्डाचं नव्हेच. तिथे वायर लावली की कार्ड नुसतं बसून राहतं आणि सगळी चित्रं बिचाऱ्या प्रोसेसरला काढावी लागतात.

मग तिला सगळं आठवलं. पुसताना आत कण जाऊ नये म्हणून कार्डाच्या भोकांवर टोप्या तिनेच चढवल्या होत्या. घड्याळजीची पोर, दुसरं काय करणार! नंतर टेबलामागे हात घालून, न बघता, चाचपडत वायर लावायला गेली. खाली जाईना. आणि बाबांची शिकवण हाडीमाशी मुरलेली. जोर लावायचा नाही. जोर लावला की घड्याळ मेलं. जिथे सहज जाईल, तीच जागा. वर सहज गेली.

"बारक्या, बाबांनी घोळ घातला बघ," ती म्हणाली आणि दोघं पोट धरधरून हसली.

टोपी काढायला नख हवं आणि बोट स्थिर हवं. तिचं बोट स्थिर होतं. वायर बसली. पडदा उजळला. आकडा हिरवा झाला, एकशेचाळीसला जाऊन टेकला.

"चल, एक शर्यत!" ताई म्हणाली. "दोन महिन्यांचं व्याज वसूल करते."

"आज राहू दे ना. दमलीस तू."

"घाबरलास होय रे? चल मुकाट्याने!"

शर्यत सुरू झाली. काय सांगू तुम्हाला! गाडी तिच्या बोटांच्या आत आल्यासारखी वळत होती. पहिलं वळण, दुसरं वळण, पुलाखालचं अवघड वळण. ताई शिट्टी वाजवत होती, नवरा काही न कळता टाळ्या वाजवत होता. तिने अंतिम रेषा ओलांडली आणि गाडीच्या आरशात मागे बघितलं. रस्ता रिकामा. बारक्या कुठे आहे ते दिसेचना.

"अरे, झोपलास काय?"

तिने फोनकडे बघितलं. त्याचा फोन अजून तसाच टेकलेला होता, त्याच्या पडद्याकडे तोंड करून. पडद्यावर त्याची गाडी पुलाखाली होती. वळण आलं, गाडी जरा थांबली आणि भिंतीवर गेली. मागे आली, पुन्हा भिंतीवर गेली. आणि कोपऱ्यात हिरवा आकडा होता. एकशेचाळीस. जराही न ढळलेला.

ताईचं हसू जागच्या जागी थिजलं. मेल्याहून मेलेल्या कॉम्प्युटरवर ती दोन महिने खेळत होती. एकतीसवर. आणि तरी फक्त थोडक्यात हरत होती. हा सारख्या मशीनवर, पूर्ण आकड्यावर खेळत होता. याने तिला केव्हाच धुळीला मिळवायला हवं होतं. मग तिला तो हलणारा फोन आठवला. नीट धर, भूकंप काय करतोयस, असं ती म्हणाली होती. आणि ते बराच वेळ गप्प राहणं आठवलं. तुझी बटणं मी लावीन.

तिला ओरडावंसं वाटलं. देवा, मी माझ्यापुरतंच मागितलं रे.

बारक्याने फोन वळवला. एकाच हाताने. दुसरा हात मांडीखाली होता. तो हसत होता, पण डोळे तिच्याकडे बघत नव्हते.

"जिंकलीस बुवा," तो म्हणाला. "ताई, आता माझाही एकदा बघायला हवा गं. हल्ली जरा अडकतोय. स्लो झालाय."

नवरा मागून म्हणाला, "म्हणजे त्याची पण वायर चुकली असणार!" ताईने मागे न वळता हाताने त्याला गप्प केलं.

"तुला काय वाटतं?" बारक्याने विचारलं. "आधी काय बघू?"

आकडा त्या दोघांनीही पाहिला होता.

"आधी धूळ बघू," ती म्हणाली.

"हो ना? धूळ असेल."

"असेल. पण तू एकटा उघडू नकोस. मी उद्याच निघते."

"अगं, एवढ्याशा कामासाठी?"

"मी येते म्हटलं ना! बाबांचा ब्रश घेऊन येते," ताई म्हणाली. "तोवर कुठे जोर लावू नकोस, बाळा."

त्याने मान हलवली. मग मांडीखालचा हात हळूच बाहेर काढला आणि तिला दिसेल असा टेबलावर ठेवला.